‘असे त्या वेळी मानले गेले’ : एका फ्रेंच युद्धनौकेवरील ज्ञानकोश-लेखाच्या तपासणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मुक्त मराठी ज्ञानकोशासाठी आम्ही पाच-सहा जण फावल्या वेळात लेख तपासतो. मी अनुवादाची कामे करते, दोघे शिक्षक आहेत, एक मुलगी फ्रेंच शिकते आहे. एखादा लेख चांगला भरला की तो ‘उत्तम लेख’ म्हणून पहिल्या पानावर लावायचा, आणि त्याआधी दोघांनी तो ओळ न ओळ वाचायचा, असा आमचा शिरस्ता. हे प्रकरण अशाच एका लेखाचे आहे. विषय होता दुसऱ्या महायुद्धातली फ्रेंच युद्धनौका ‘रिशेल्यू’.

लेख लिहिणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. त्यांची हयात व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत गेली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. चार महिने खपून, पुस्तकांतून टिपणे काढून त्यांनी हा लेख उभा केला होता. बांधणीचा भाग वाचतानाच कळायचे की हा माणूस गोदीत वावरलेला आहे.

रिशेल्यूची बांधणी फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराच्या सालू गोदीत २२ ऑक्टोबर १९३५ रोजी सुरू झाली. गोदी होती २०० मीटर लांब आणि जहाज होणार होते जवळजवळ २४८ मीटर. मग मधला १९७ मीटरचा भाग तेवढा गोदीत बांधला. पुढचा ४३ मीटरचा आणि मागचा ८ मीटरचा तुकडा वेगळा करून नंतर जोडायचा ठरला. १७ जानेवारी १९३९ ला गोदीत पाणी सोडून तो मधला भाग तरंगवला, ओढत लानिनॉनच्या मोठ्या गोदीत नेला आणि तिथे दोन्ही टोके जोडली. बहुतेक इंग्रजी लेख हे एका ओळीत उरकतात. काकांनी त्यावर दोन परिच्छेद लिहिले होते, आणि लेखातला सगळ्यात जिवंत भाग तोच होता.

तोफांची मांडणीही त्यांनी तशीच समजावली होती. ३८० मिलिमीटरच्या आठही मुख्य तोफा जहाजाच्या पुढच्या भागात, चार-चारच्या दोन बुरुजांत, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती घरांत. बुरुज कमी, म्हणून जाड चिलखताने झाकायची लांबी कमी, म्हणून वजनात बचत. एका गोळ्याने चारही तोफा एकदम बंद पडू नयेत यासाठी प्रत्येक बुरुजात मधोमध चिलखती भिंत.

पुढचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. जर्मन फौजा जवळ येत असताना १८ जून १९४० ला रिशेल्यू ब्रेस्टहून निघाली आणि २३ जूनला पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारला पोचली. फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे खाली ठेवली होती, आणि फ्रेंच जहाजे जर्मनांच्या हाती पडतील अशी ब्रिटिशांना धास्ती होती. म्हणून ८ जुलैला ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मीस’वरच्या विमानांनी तिच्यावर पाणतीर (टॉर्पेडो) टाकला. २३ ते २५ सप्टेंबर या दिवसांत ब्रिटिश आरमार आणि शरणागती न मानता ब्रिटनच्या बाजूने लढणाऱ्या द गॉलचे फ्रेंच सैनिक डाकार घ्यायला आले, तेव्हा रिशेल्यूने जागेवरूनच तोफा चालवल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत दोस्तांच्या फौजा उतरल्या आणि डाकार दोस्तांच्या बाजूला गेले. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला मोठी दुरुस्ती झाली. एप्रिल १९४४ मध्ये ती श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला ब्रिटिशांच्या पूर्वेकडील आरमारात दाखल झाली. म्हणजे चार वर्षांत ज्यांनी तिला बुडवायचा प्रयत्न केला, त्यांच्याच ताफ्यात ती लढायला उभी राहिली.

अडचण

८ जुलैला, पाणतीर-हल्ल्याच्या तारखेला, लेख पहिल्या पानावर लावायचे ठरले होते. लेख माझ्याकडे आला तेव्हा हातात तीन आठवडे होते.

पहिल्या वाचनात भाषेच्या अडचणी डोळ्यांत भरल्या. जहाजाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले : रिचेलिऊ, रिशेल्यू, रिशलिअ. लिंगाचाही घोळ. ‘युद्धनौका’ डोक्यात असली की ‘ती निघाली’, ‘जहाज’ डोक्यात आले की ‘ते परतले’, आणि हे नाव ज्या कार्डिनलचे, त्या रिशेल्यूची आठवण झाली की एका ठिकाणी चक्क ‘तो गोदीत आला’. ‘युद्धनौका’ हा शब्दही अडचणीचा. मराठीत तो कुठल्याही लढाऊ जहाजाला चालतो, त्यामुळे ‘तीन युद्धनौका सोबत होत्या’ म्हटल्यावर त्या रिशेल्यूच्या तोडीच्या बॅटलशिप की साध्या विनाशिका, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता.

आकड्यांची गोष्ट वेगळी. एका ठिकाणी जहाजाचे वजन ३५,००० टन, माहितीचौकटीत ४३,९९२ टन, आणि खाली एका परिच्छेदात ४४,६९८ टन. वाचणाऱ्याला वाटणार की लेखकाने हलगर्जी केली. प्रत्यक्षात पहिला आकडा नौदल करारातल्या मर्यादेचा, कागदोपत्री धरलेला. उरलेले दोन्ही एकाच वजनाचे, पूर्ण भरलेल्या जहाजाचे. ब्रिटिश टन १,०१६ किलोंचा आणि मेट्रिक टन १,००० किलोंचा, म्हणून दोन आकडे. मराठीत दोन्हीला आपण ‘टन’च म्हणतो.

तिसरी अडचण तेव्हा माझ्या लक्षातच आली नाही. लेखातली काही विधाने ‘हे घडले’ अशी होती आणि काही ‘हे घडले असे कुणाला तरी वाटले’ अशी. काकांनी तो फरक बहुतेक ठिकाणी सांभाळला होता. त्यांची वाक्यरचना अवघडलेली असल्यामुळे मला तो दिसला नाही.

कोणते पर्याय होते

एक, शंकांची यादी करून लेख काकांकडे परत पाठवायचा. ही रीत बरोबर, पण यादी चाळीसच्या वर गेली असती, आणि चार महिन्यांच्या कामावर एवढे शेरे बघून ते खट्टू होतील अशी मला धास्ती वाटली. दोन, फक्त शुद्धलेखन आणि नावे नीट करून लेख तसाच लावायचा. तीन, मी स्वतः बसून सगळा लेख नव्याने लिहून काढायचा आणि शेवटी त्यांना दाखवायचा.

मी तिसरा पर्याय घेतला. तारीख डोक्यावर होती, शिवाय वाक्ये घडवणे हे माझे रोजचे काम. पहिला निर्णयबिंदू हाच होता आणि तो चुकला.

पहिली फेरी

आठवडाभर रात्री बसून मी लेख घासून-पुसून काढला. नाव सगळीकडे ‘रिशेल्यू’, क्रियापद सगळीकडे स्त्रीलिंगी. प्रकार सांगताना ‘बॅटलशिप’, पुढे ‘युद्धनौका’ हा शब्द फक्त त्या प्रकारासाठी, लहान जहाजांना ‘विनाशिका’ किंवा ‘क्रूझर’. ‘टॉर्पेडो’च्या जागी ‘पाणतीर’. ‘१५ इंची तोफा’ काढून ‘३८० मिलिमीटर’, कारण १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, आणि त्या ब्रिटिश तोफा. काकांनी बांधणीच्या भागात एक उपमा दिली होती : कापड कमी पडले की शिंपी बाह्या वेगळ्या बेततो, तसे हे जहाज बेतले. उपमा झकास होती. ज्ञानकोशात ती शोभत नाही म्हणून काढली, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मग आला सप्टेंबर १९४० चा परिच्छेद. डाकारच्या लढाईत २४ सप्टेंबरला रिशेल्यूच्या दुसऱ्या बुरुजातल्या तोफा स्वतःच्याच गोळ्यांनी फुटल्या. काकांचे वाक्य असे होते :

‘तोफा फुटण्याचे कारण दुसऱ्या जहाजाच्या तोफांसाठी असलेल्या दारूपासून भरलेल्या पिशव्या हे असावे, असे त्या वेळी मानले गेले.’

मी केलेले वाक्य :

‘दुसऱ्या जहाजाची दारू वापरल्यामुळे रिशेल्यूच्या तोफा फुटल्या.’

एवढ्यावर थांबले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या भागात काकांची एक ओळ होती, १९४१ च्या चौकशीत गोळ्याच्या बुडाच्या रचनेत दोष आढळल्याची. मला ती तिथे आगंतुक वाटली, शिवाय वरच्या वाक्याशी तिचा मेळ बसत नव्हता. मी ती काढून टाकली.

म्हणजे खरी माहिती लेखात होती. त्या वेळचा संशय दारूवर होता, आणि तो रास्त होता : ब्रेस्टहून घाईने निघालेल्या रिशेल्यूकडे पुरेशी दारू नव्हती, आणि डाकारला ‘स्ट्रासबुर’ या दुसऱ्या फ्रेंच युद्धनौकेच्या ३३० मिलिमीटर तोफांसाठी ठेवलेल्या दारूतून तिच्या पिशव्या भरल्या होत्या. चौकशीनंतर दोष गोळ्यात निघाला. काकांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, फक्त एकमेकींपासून लांब. त्या जवळ आणणे हे माझे काम होते. मी संशयाचे ठाम विधान केले आणि दुसरी गोष्ट पुसली.

चूक कशी सापडली

दुसरे वाचन फ्रेंच शिकणाऱ्या मुलीकडे होते. तिने फ्रेंचमधला मजकूर शेजारी उघडून आमचा लेख वाचला आणि मला फोन केला.

“ताई, तोफा फुटल्या त्याबद्दल तिकडे गोळ्याच्या बुडाबद्दल लिहिलंय. आपल्याकडे दारूवर सगळं ढकललंय. काकांना हे माहीत नव्हतं का?”

मी म्हटले, नसेल. फोन ठेवल्यावर राहवेना म्हणून लेखाच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. डावीकडे काकांचा मजकूर, उजवीकडे माझा, आणि डावीकडे लाल रंगात ‘असे त्या वेळी मानले गेले’. फापटपसारा म्हणून मी खोडलेले ते शब्द होते. त्या संध्याकाळी मी काकांना फोन करून सगळे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, इंजिनखोलीत नोंदवहीत आम्ही ‘पंप बिघडला’ असं कधी लिहीत नव्हतो. ‘दाब कमी दिसला’ असं लिहायचं. बिघाड काय तो उघडल्यावर कळतो.”

दुसरा निर्णयबिंदू इथे आला. ८ जुलै नऊ दिवसांवर होता. ते एक वाक्य दुरुस्त करून लेख लावता आला असता. पण जिथे एक सापडले तिथे आणखी असणार, आणि मी आठवडाभर त्याच हाताने सगळा लेख घासला होता. तारीख सोडून द्यायची आणि तिघांनी एकत्र बसून पुन्हा पहिल्यापासून वाचायचे, असे ठरले.

दुसरी फेरी

सलग चार रविवार, सकाळी दोन तास, व्हिडिओ कॉलवर. एकीने वाक्य मोठ्याने वाचायचे आणि तिघांनी तीन प्रश्न विचारायचे : हे कुणी पाहिले, ते कधी कळले, आणि आपण ते कुणाच्या बाजूने सांगतो आहोत?

तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त पडझड झाली. लेखात ‘शत्रू’ हा शब्द भरपूर होता. जुलै १९४० मध्ये ‘शत्रूची विमाने’ म्हणजे ब्रिटिशांची, जून १९४४ मध्ये ‘शत्रूचा तळ’ म्हणजे जपान्यांचा. मधले न वाचता खाली आलेल्या वाचकाने काय समजायचे? आम्ही ‘शत्रू’ सगळीकडून काढला आणि प्रत्येक ठिकाणी देशाचे नाव घातले. वाक्ये थोडी रुक्ष झाली, पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप वर आली. ३ जुलै १९४० ला अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबीरला ब्रिटिशांनी फ्रेंच आरमारावर मारा केला आणि १,२९७ फ्रेंच खलाशी मेले. त्या माऱ्यात ‘व्हॅलियंट’ ही ब्रिटिश युद्धनौका होती. १९४४ मध्ये त्रिंकोमालीहून निघालेल्या मोहिमांत तीच ‘व्हॅलियंट’ रिशेल्यूच्या सोबत होती. ‘शत्रू’ आणि ‘मित्र’ हे शब्द होते तोवर हे लेखात झाकलेलेच राहिले होते.

‘विशी’ शब्दावर तासभर गेला. जर्मनीपुढे हार पत्करल्यावर मार्शल पेतांचे फ्रेंच सरकार विशी या गावातून चालले, म्हणून त्या राजवटीला ‘विशी फ्रान्स’ म्हणतात. लेखात ‘८ जुलै १९४० रोजी ब्रिटिशांनी विशी फ्रान्सच्या रिशेल्यूवर हल्ला केला’ असे होते. मीही ते तसेच ठेवले होते, कारण सगळे तसेच लिहितात. विद्यार्थिनीने तारीख दाखवली : पेतांला सर्वाधिकार देणारे मतदान विशीत झाले ते १० जुलैला. आठ तारखेला कायद्याने तिसरे प्रजासत्ताकच होते. काका म्हणाले, दोन दिवसांसाठी एवढे ताणू नका, जुलैत फ्रान्स आणि सप्टेंबरात विशी फ्रान्स असे लिहिले तर शाळेतली पोरे गोंधळतील. त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. शेवटी हल्ल्याच्या वाक्यात नुसते ‘फ्रेंच युद्धनौका रिशेल्यू’ ठेवले आणि पुढचा परिच्छेद सुरू करताना १० जुलैच्या मतदानाचे एक सरळ वाक्य घातले. वाचक तिथून पुढे विशीच्या काळात आपोआप शिरतो.

टनांचा प्रश्न काकांनी पाच मिनिटांत सोडवला. वजन देताना सगळीकडे मेट्रिक टन, माहितीचौकटीत ‘पूर्ण भारासह’ हे शब्द, आणि ३५,००० चा आकडा फक्त करार समजावणाऱ्या परिच्छेदात, करारातली मर्यादा म्हणून.

पोर्ट ब्लेअरचा परिच्छेद मात्र सोपा नव्हता. मराठी वाचक या लेखात आला तर तिथे नक्की थांबणार. सावरकरांमुळे सेल्युलर जेल आपल्या घराघरात ठाऊक आहे. मार्च १९४२ मध्ये जपानने अंदमान घेतले, आणि ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत रिशेल्यू त्या पाण्यात आली. काकांनी लिहिले होते : ‘२१ जून १९४४ रोजी रिशेल्यूने पोर्ट ब्लेअरवर तोफा डागल्या.’ माझ्या हाताखालून हे वाक्य गेले होते, आणि मी फक्त ‘रोजी’च्या जागी ‘ला’ केले होते.

पहिला प्रश्न विचारल्याबरोबर ते ढासळले. २१ जूनला मारा केला तो ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवरच्या विमानांनी. रिशेल्यू तिच्या संरक्षणाला होती. रिशेल्यूच्या तोफा निकोबार आणि पोर्ट ब्लेअरवर चालल्या त्या जवळजवळ वर्षभराने, १९४५ च्या एप्रिल-मेमध्ये, ‘क्वीन एलिझाबेथ’बरोबर. काकांच्या टिपणवहीत दोन्ही मोहिमा एकाच पानावर होत्या आणि लिहिताना एकीत दुसरी मिसळली. ते फार अस्वस्थ झाले. दारूच्या वाक्यात चूक माझी होती, इथे त्यांची, आणि कदाचित त्यामुळेच पुढचे काम सोपे झाले. दोघांनाही एकमेकांसमोर अवघडायचे कारण उरले नाही.

तिसरा निर्णयबिंदू या परिच्छेदाच्या जागेचा होता. काकांना ‘भारताशी संबंध’ असा वेगळा विभाग हवा होता, प्रस्तावनेतही उल्लेख हवा होता. माझे मत असे की रिशेल्यूच्या आयुष्यात डाकार, न्यूयॉर्क आणि त्रिंकोमाली मोठी, अंदमान त्या मानाने लहान. आपल्याला जवळचे म्हणून ते प्रस्तावनेत ओढले तर जहाजाचे चित्र तिरके होते. विभाग केला नाही. हिंदी महासागराच्या भागात दोन्ही मोहिमांना स्वतंत्र परिच्छेद दिले.

परिणाम

लेख ८ जुलैऐवजी २३ सप्टेंबरला, डाकारच्या लढाईच्या तारखेला, पहिल्या पानावर लागला. लांबी सहाव्या हिश्श्याने कमी झाली. तोफांचा परिच्छेद आता असा आहे : तोफा फुटल्या, संशय दारूवर गेला, का गेला, १९४१ च्या चौकशीत दोष कुठे निघाला, आणि पुढे न्यूयॉर्कला ‘जाँ बार्त’ या भगिनी-जहाजाच्या तोफा आणून त्यांच्या जागी बसवल्या. पाच वाक्ये, घडले त्या क्रमाने. त्यात ‘असे त्या वेळी मानले गेले’ हे शब्द काकांनी लिहिले होते तसेच आहेत.

लागल्यावर दोन सूचना आल्या. एक शुद्धलेखनाची. दुसरी एका वाचकाची : ब्रुकलिनच्या पुलाखालून जाण्यासाठी मनोऱ्याचा वरचा भाग उतरवावा लागला, हे एवढे रंजक असताना तुम्ही एकाच वाक्यात का संपवले? सूचना योग्य होती, ते वाढवले.

वेगळे काय करता आले असते

शंकांची यादी पहिल्याच दिवशी काकांकडे जायला हवी होती. ते खट्टू होतील ही माझी समजूत होती. मी त्यांना विचारले नव्हते. नंतर त्यांनी सांगितले की चाळीस शंका आल्या असत्या तर त्यांना बरेच वाटले असते, कारण चार महिन्यांत त्यांच्याशी या जहाजाबद्दल कुणी बोललेच नव्हते.

तपासणी आणि भाषा सुधारणे ही दोन कामे एकाच बैठकीत, एकाच माणसाने करू नयेत. वाक्य सुटसुटीत करताना हात आपोआप ‘असावे’, ‘बहुधा’, ‘मानले जाते’ यांवर जातो. ते शब्द सैल दिसतात, आणि कित्येकदा असतातही. कुठले सैल आणि कुठले भार उचलणारे हे आधी ठरले पाहिजे. आता आमच्याकडे पहिला वाचक फक्त माहिती बघतो आणि असे शब्द पिवळ्या रंगात रंगवतो. दुसऱ्याने भाषा सुधारताना पिवळ्याला हात लावायचा असेल तर लेखकाला विचारायचे.

मेळ न बसणारी ओळ काढून टाकण्याआधी ती मेळ का बसू देत नाही, हे बघायला हवे होते. गोळ्याच्या बुडाची ती ओळ ओरडून सांगत होती की वरचे वाक्य चुकले आहे.

अंदमानच्या बाबतीत माझे मन अजून पूर्ण स्वस्थ नाही. प्रमाण राखण्याचा निर्णय मला पटतो. तरी त्या परिच्छेदात विमाने आहेत, धावपट्ट्या आहेत, बंदर आहे, आणि जपानी अमलाखाली तिथे राहणारी माणसे नाहीत. जहाजाच्या लेखात त्यांना किती जागा द्यायची यावर आमच्या तिघांचे एकमत झाले नाही. पोर्ट ब्लेअरच्या लेखात तो काळ सविस्तर लिहून इथून तिकडे वाट दाखवायची, असे विद्यार्थिनीने सुचवले आहे आणि ते काम तिनेच घेतले आहे.

काका सध्या ‘जाँ बार्त’वर लिहीत आहेत. ते जहाज अर्धवट बांधलेले असतानाच १९ जून १९४० ला सेंट-नाझेरहून निघून कासाब्लांकाला पोचले होते. मसुदा अजून आलेला नाही. मागच्या रविवारी मात्र त्यांनी एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला : वर तारीख, खाली अकरा वाक्ये, आणि सातांच्या समोर समासात पिवळ्या पेन्सिलीची रेघ.